सिंधूवहिनींची दोन चित्रं

आमच्या सिंधूवहिनी हळदीकुंकवाला जातात तेव्हा बायकांना शरीर समजावून सांगायला सोबत कापडाच्या दोन गुंडाळ्या असतात. एकीत बाईची जननसंस्था, दुसरीत पुरुषाची. दोन्ही त्यांनी घरच्या शिलाई मशीनवर शिवल्या आहेत. बाईचं गर्भाशय लाल खणाचं, अंडवाहिन्या परकराच्या नाडीच्या, अंडाशयं म्हणजे स्वेटरची दोन मोठी बटणं. पुरुषाचं चित्र जुन्या कोटाच्या कापडावर. शुक्रवाहिन्या बुटाच्या लेसच्या आणि वृषणांत घरच्या शेतातला कापूस. कापूस भरताना हात जरा सढळ झालाय.

दुसरी गुंडाळी धरायला माझा थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, सोबत असतो. अनसिंगहून मंगरूळपीरला येताना एस.टी.त कंडक्टरनं एकदा विचारलं, "काकू, हे काय सामान?"

"बाई अन् माणूस. दोघाईचं मिळून अर्धं तिकीट लावता का?"

दादानं खिडकीबाहेर पाहिलं. अशा वेळी तो नेहमी खिडकीबाहेर पाहतो. खिडकी नसली तरी.

वहिनींचा हट्ट एकच. एकटं चित्र कधी दाखवायचं नाही. कोणी सासू सुनेला घेऊन आली, "हिले लेकरू होत नाही" म्हणाली, की त्या दुसरी गुंडाळी सासूपुढे उलगडतात. "हे पाह्यलं का? नाही नं? मंग पोरीलेच काहून फरपटून राह्यली? जोडी तपासून आण." एका सासूनं डोळ्यांवर पदर ओढला. वहिनी म्हणाल्या, "कापूस हाय माय तो. चावत नाही."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हा धडा मात्र मी वर्षानुवर्षं 'घरी वाचा' म्हणून सोडला. मुलं खिदळतात, असं कारण द्यायचो. खरं कारण आज सांगतो, दादाची परवानगी घेऊन.

पंचवीस वर्षांपूर्वी दादाच्या तपासणीचा रिपोर्ट अकोल्याहून मीच आणला होता. शुक्रजंतूंच्या रकान्यात शून्य होतं. दादा म्हणाला, "आईले सांगू नको. तिलेही नको." मी मान डोलावली. त्यानंतर वहिनींनी तीन डॉक्टर केले, एक ऑपरेशन सोसलं, किती नवस केले ते मोजले नाहीत. माझ्या पल्लवीच्या बारशाला आईनं त्यांना पाळण्याला हात लावू दिला नाही. मी तिथेच पेढे वाटत होतो. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. विज्ञानाच्या मास्तराला ते जमलं नाही.

यंदा त्याच पल्लवीचं डोहाळजेवण आमच्या घरी झालं. ओटी भरायला वहिनी पुढे झाल्या, तशी आमची म्हातारी आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "थांब वं सिंधू. तुह्या हातानं नको."

दादा कोपऱ्यात आपली गुंडाळी धरून भिंतीकडे पाहत होता. मी उठलो. "आत्या, खरं म्हणजे..."

"भाऊजी, तुमी पंखा वाढवा," वहिनी म्हणाल्या आणि आत्याकडे वळल्या. "आत्याबाई, गर्भाशय हाय मले. चांगलं हाय. तीन डॉक्टरायनं पाह्यलं. तुमचं एकानं तरी पाह्यलं का? सरका."

पल्लवी इतकी हसली की पदरातला नारळ घरंगळला. वहिनींनी तो उचलला आणि पुन्हा तिच्या ओटीत घातला. आत्या जेवून घरी गेली.

दुपारी मागच्या ओसरीत वहिनी चित्रं गुंडाळत होत्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. रिपोर्ट, शून्य, पेढे. मान वर करवत नव्हती.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "आधी मी बाईचंच चित्र शिवलं होतं. मंग दुसऱ्यासाठी ह्यायचा लग्नातला कोट उसवला, तवा अस्तरात तो कागद सापडला."

"मग बोलल्या का नाही? साऱ्या तालुक्याच्या सुनांसाठी भांडता!"

"त्यायचे नवरे काय माह्ये नवरे हायेत? हा लाजाळू माणूस. वाटलं, आज सांगतीन, उद्या सांगतीन." त्यांनी कोटाच्या कापडावरून हात फिरवला. "कागद परत अस्तरात घालून शिवून टाकला. अजून यातच हाय."

दारात दादा उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. या वेळी तो कुठेही बाहेर पाहत नव्हता. पुढे येऊन त्यानं वहिनींच्या हातून आपली गुंडाळी घेतली, काखेत मारली आणि चपला घातल्या.

"अवो, कुठं चालले? जोडी नेत नाही का?"

"आत्याकडे जातो," दादा म्हणाला. "आज माह्यं एकच पुरते."

तो फाटकाबाहेर पडला. वहिनींनी हातातलं बाईचं चित्र तसंच ओसरीत ठेवलं. मग धावत फाटकापाशी गेल्या आणि ओरडल्या, "ऊन हाय! डोक्याले रुमाल तरी बांधा!"