सदरा आधी कोण होता

आमच्या बालवाडीच्या बाई मुलांची हजेरी घेत नसत, त्यांच्या कपड्यांची घेत. कशेळ्याच्या त्या कौलारू खोलीत रोज सकाळी एकेका पोराची बाही चिमटीत धरायच्या आणि पोराला सोडून सदऱ्यालाच विचारायच्या, "काय रे, तू आधी कोण होतास?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. मी तिथली मदतनीस. उसळ शिजवायची, नाकं पुसायची. पण पोरं आपापल्या कपड्यांच्या वतीने बोलू लागली आणि मी पळी हातात धरून थक्क होऊन ऐकत राहिले. "मी आबाचं धोतर व्हतो." "मी आयचं लुगडं, लग्नातलं." एका सदऱ्यात तर बापाची पँट, आजीची चोळी आणि छत्रीचं कापड गुण्यागोविंदाने नांदत होतं. ठिगळं लपवणारी पोरं आता बाह्या पुढे करून नंबरासाठी भांडायची. घरी जाऊन आजोबांच्या अंगावरच्या धोतराकडे टक लावून बसायची, याचं आपल्याला काय होणार म्हणून. बिचाऱ्या म्हाताऱ्यांना धोतर जपून नेसावं लागे.

पेच पडला दुकानदाराच्या शमीमचा. टेरिकॉट तेव्हा नुकतंच आलं होतं आणि अब्बांनी तिला खोपोलीहून गुलाबी फ्रॉक आणला होता. सगळ्या वर्गात तोच एक कोरा. बाईंनी विचारलं तशी शमीमने फ्रॉक खालवर पाहिला, "ह्यो कुनीच नव्हता" म्हणाली आणि भोकाड पसरलं.

बाईंनी तिला मांडीवर घेतलं. हा फ्रॉक पुढे धाकट्या बहिणीचं टोपडं होईल, अशी समजूत घातली. तरी हुंदके थांबेनात, तेव्हा हळूच म्हणाल्या, "माझे कपडेही आधी कुणीच नव्हते गं. आश्रमात वाढले मी. एकाच ताग्यातून सगळ्या मुलींचे झगे बेतायचे. आईचं लुगडं अंगाला कसं लागतं, मला ठाऊकच नाही."

रोज त्या एवढा वेळ बाही का धरून ठेवत, ते मला तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटलं.

माझी आई आदल्या वर्षीच गेली होती. तिचं हिरवं लुगडं मी गोधडीसाठी ठेवलं होतं. घरी गेले, ते काढलं आणि बाईंच्या मापाच्या अंदाजाने त्याचं पोलकं बेतलं. शिवण थोडी तिरकी गेली, ती गेलीच.

सोमवारी बाई ते घालून आल्या. हजेरी झाली, पण पोरं जागची हलेनात. शमीम पुढे आली, बाईंना खाली बसायला लावलं आणि त्यांची बाही चिमटीत धरली. "काय गं, तू आधी कोन व्हतीस?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीपाशी होते, म्हटलं, "सांगा की, बाई."

"आईचं लुगडं," त्या म्हणाल्या.

कुणाच्या आईचं, ते कुणीच विचारलं नाही.