हिच्या साखरेवरची आमची देखरेख

आजार एकालाच होतो, पण तो सांभाळल्याचं पुण्य सगळ्या घराला लागतं. म्हणूनच समंजस कुटुंबात आजारी माणूस कधी एकटा पडत नाही. पडायला गेला तरी भोवती सल्ला द्यायला इतकी माणसं उभी असतात, की पडायला जागा म्हणून मिळत नाही.

आमच्या हिला मधुमेह निघाला, तेव्हा आम्ही याच तत्त्वाला जागलो. ही कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात काम करते. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, लग्नात शिवलेला कोट लग्नानंतरच्या पोटावर बसवणं, अशी कामं. घरी काही शिवायचं असलं की अलीकडे ती सुईत दोरा ओवायला धाकट्याला हाका मारायची. आम्हाला वाटलं, आईची माया. डॉक्टरबाईंना वाटलं, साखर. तपासणी झाली आणि डॉक्टरबाई जिंकल्या.

त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की डोळ्यांच्या पडद्यावर बारीक ठिपके दिसायला लागले आहेत. तीन महिन्यांत साखर खाली आली तर ठीक, नाहीतर शिवणकाम विसरा. ही स्वतःच्या बोटांकडे बघत बसली. मला खरोखर फार वाईट वाटलं, कारण हिला रिकाम्या हातांनी बसलेली मी इतक्या वर्षांत पाहिलीच नव्हती. पुढे डॉक्टरबाई जेवणाखाण्याबद्दल बरंच काही बोलल्या. त्यातलं महत्त्वाचं वाक्य मी नेमकं लक्षात ठेवलं: ‘घरातल्या सगळ्यांनी मिळून हे करायचं आहे.’ बाकीचा सगळा तपशील होता.

मी पाणीपुरवठा खात्यात देखरेख अधिकारी आहे. (शहरातल्या झडपा माझ्या देखरेखीखाली असतात. त्या फिरवणारी माणसं वेगळी.) एखादी गोष्ट सगळ्यांनी मिळून कशी करायची, हे त्यामुळे मला कुणी शिकवावं लागत नाही. त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बैठक घेतली आणि आजाराची रीतसर वाटणी केली. देखरेख अर्थातच माझ्याकडे आली. माहिती खातं थोरलीकडे गेलं, कारण तिच्या फोनवर रोज नवी माहिती येते आणि ती आदल्या दिवशीच्या माहितीला खोटं पाडते. धाकटा मोबाइल दुरुस्त करतो, बारीक यंत्रांची त्याला सवय आहे, म्हणून हिच्या बोटाला सुई टोचून आकडा वाचण्याचं काम त्याला दिलं. माझ्या आईनं इतिहास विभाग आपणहून उचलला. ‘आमच्याकडे हे कुणाला नव्हतं हो’ एवढंच तिला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं होतं आणि यात तिनं एका दिवसाचीही कुचराई केली नाही.

अंमलबजावणी तेवढी हिच्याकडे राहिली. म्हणजे बाजारहाट, स्वयंपाक, वाढणं, भांडी आणि न खाणं.

आता प्रश्न आला मोहाचा. आमचं घर खाण्याच्या बाबतीत हळवं आहे. मला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. थोरलीला पाव लागतो आणि त्यावर इतकं लोणी, की पाव कुठे आहे ते विचारावं लागतं. धाकट्याला तळलेला बटाटा हवा. आईला चहात बुडवायला गोड बिस्किटं हवीत आणि चहा फक्त बिस्किटं बुडवण्यापुरता हवा. अशा घरात साखरेचा माणूस ठेवायचा म्हणजे विस्तवाशेजारी लोणी. एखाद्या उथळ कुटुंबानं हे पदार्थ करणंच बंद केलं असतं. पण मोहापासून पळणं हा भित्र्यांचा मार्ग, असं मी बैठकीत मांडलं. मोह समूळ नष्ट केला पाहिजे. घरात केलेला भात, बटाटा, पाव, केक यातलं काहीही जेवणानंतर शिल्लक राहता कामा नये, म्हणजे हिला मोह होण्याचा संभवच उरत नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. (ही तेव्हा आत भात गाळत होती.)

त्या दिवसापासून आम्ही चौघांनी जो त्याग केला, त्याला तोड नाही. पोट भरलेलं असतानाही मी तिसऱ्यांदा भात घेतला आहे, केवळ तो मागे राहू नये म्हणून. धाकट्यानं एकदा परातभर बटाटे एकट्यानं संपवले आणि वर घामाघूम होऊन म्हणाला, आईसाठी एवढं तर करायलाच हवं. पहिल्याच महिन्यात घरात आलेल्या केकपैकी शंभर टक्के केकचा नायनाट झाला. मोहनिर्मूलनाचा वेग इतका वाढला, की नष्ट करायला पदार्थ कमी पडू लागले आणि हिला ते वाढवून करावे लागले. पातेल्याच्या तळाला थोडंफार चिकटलेलं राहायचं. पण ते भांडी घासणाऱ्याच्या अखत्यारीत येतं, म्हणून आम्ही त्यात लक्ष घातलं नाही.

हिच्या ताटात काकडी असायची. सोबत उकडलेला कोबी. ती जेवायला बसायची आमचं झाल्यावर आणि बसायची म्हणजे ओट्याशी उभी राहायची. तरी आम्ही तिला वाऱ्यावर सोडलं नाही. चौघांचे डोळे तिच्या ताटावर. घास उचलला की थोरली त्यातले गुण सांगायची, धाकटा यंत्र पुसायला घ्यायचा, आई उसासा टाकायची. एवढं लक्ष राजाच्या ताटावरही कुणी ठेवत नसेल.

आणि तरीही आकडा चढला.

साहजिकच चौकशी लावावी लागली. चौकशीत असं आढळलं, की ही स्वयंपाक करताना मीठ बघायला चव घेते. म्हणजे मुळातच गळती. मी ताबडतोब चव घेण्यावर बंदी आणली. परिणामी काही दिवस आम्ही खारट भाजी आणि आळणी बटाटे खाल्ले. कुटुंबासाठी माणसानं सोसावं, पण त्यालाही मर्यादा असते, म्हणून चव बघण्याची जबाबदारी आईकडे सोपवली. ती तिनं वाटी वाटी भरून पार पाडली.

याच सुमारास हिच्या हातून एक पँट बिघडली. एक पाय आखूड, एक लांब. गिऱ्हाईक ती घालून दुकानात आलं आणि आरशासमोर उभं राहिलं. मालक ओरडला नाही. नुसतं म्हणाला, बाई, काही दिवस बटणंच लावा. ही घरी येऊन सांगत होती आणि सांगता सांगता हसत होती, पण ते हसू मला बघवेना. हिचे डोळे गेले तर? हिच्याशिवाय या घरातली एक वस्तू आम्हाला सापडत नाही. मी त्याच दिवशी कडक पाऊल उचललं. काकडी निम्म्यावर आणली.

आणि काय सांगू, आकडा उतरायला लागला. धाकटा आकडा वाचायचा आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो. कष्टाचं चीज झालं म्हणतात ते हेच. त्या आनंदात थोरलीनं केक आणला. तो हिच्या नजरेला पडण्यापूर्वीच आम्ही निकालात काढला.

तीन महिने भरले. तपासणीचा कागद बघून डॉक्टरबाई चक्क हसल्या. साखर आटोक्यात, डोळ्यांवरचे ठिपके वाढलेले नाहीत, काम चालू ठेवायला हरकत नाही. त्यांनी विचारलं, “काय केलंत एवढं?” मी खुर्ची पुढे ओढली. एखाद्या योजनेची पाहणी करायला वरिष्ठ आले की काय सांगायचं, याचा मला सराव आहे. मी वाटणीपासून सुरुवात केली आणि मोहनिर्मूलनापर्यंत आलो, तोच शेजारून ही म्हणाली,

“भात खाल्ला.”

मला वाटलं, भीतीनं कबुली देते आहे. मी डॉक्टरबाईंना सांगणार होतो, की यापुढे असं होणार नाही.

पण ही बोलतच राहिली. म्हणाली, घरी नुसत्या काकडीनं पोट भरायचं नाही. भांडी घासायला घेतली की अंगाला कापरं भरायचं, मग पातेल्यांना लागलेला भात, बटाटे, केकचा चुरा, जे हाताला येईल ते उभ्याउभ्या खरवडून खायची. किती खाल्लं तेही कळायचं नाही. पँट बिघडली त्या दिवशी दुकानातल्या काजं-बटणं करणाऱ्या बाईंनी तिला खाली बसवलं. त्यांचा स्वतःचाही हाच आजार. दुसऱ्या दिवसापासून दोघी दुपारी कात्र्या बाजूला सारून कापायच्या टेबलावर जेवायला लागल्या. छोटी वाटी भात, त्याच्या दुप्पट भाजी, एक अंडं. सावकाश, बसून, गप्पा मारत. मग दोघी दोन गल्ल्या फिरून यायच्या. पोट भरल्यावर संध्याकाळी पातेल्याकडे बघायची इच्छाच व्हायची नाही.

“हेच तर मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “भात बंद नाही. बेतानं, भाजीबरोबर, वेळेवर. आणि घरात सगळ्यांना तेच जेवण.”

मी म्हटलं, तो तपशील होता.

रस्त्यानं चालताना मी हिला विचारलं, हे तू घरी का नाही सांगितलंस? कार्यालयात माणसानं हाताखालच्याला विचारावं, तसं नव्हे. मला खरंच लागलं होतं. ही म्हणाली, “अहो, तुम्ही सगळे माझ्या ताटाकडे बघत होता. माझ्याकडे कुणी बघितलं असतं, तर सांगितलं असतं.”

आता, ताटावर नजर ठेवणाऱ्याला माणसाकडे बघायला सवड होत नाही, हे देखरेखीचं काम केलेला कुणीही मान्य करील. तरी तिच्या म्हणण्याची दखल घेऊन मी घरी तातडीची बैठक बोलावली. हिची मागणी एकच होती: सगळ्यांनी एका वेळी बसायचं, एकच जेवायचं आणि वाढायचं आपापलं. मागणी तत्त्वतः मान्य करण्यात आली. थोरलीला तिच्या फोनवर या पद्धतीविरुद्धही थोडी माहिती मिळाली आहे. आईचं म्हणणं, आमच्याकडे असं कुणी बसत नव्हतं. धाकटा बटाट्याला ‘भाजी’ समजावं का, यावर अभ्यास करतो आहे. अंमलबजावणी लवकरच. तोवर ही दुपारी दुकानात नीट जेवते आणि संध्याकाळी आम्हाला वाढते. सुईत दोरा मात्र आता स्वतः ओवते. ते बघून परवा माझे डोळे भरून आले, हे मी आमच्या व्यवस्थेचं यश समजतो.

तुमच्या घरी असलं काही नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही शहाणी माणसं; वाचता वाचता मला हसलाही असाल. एक बारीकशी माहिती तेवढी नोंदीसाठी हवी होती. तुमच्याकडे जी स्वयंपाक करते, तिनं आज काय खाल्लं? आठवत नसेल तर जागेवरूनच हाक मारून विचारा. ती आतून म्हणेल, “तुम्ही जेवून घ्या, मी बसते मागून.”

मग काय, घ्या जेवून. गार होतंय.