दाराला स्थगिती

केंद्र सरकारचा हुकूम आला: प्रत्येक सरकारी कार्यालयात बायकांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह हवंच. हेडक्लार्कबाईंनी तो दोनदा वाचला आणि त्यांना हर्षाने रडू यायचंच बाकी राहिलं. ऑफिसात होतं ते एकच, पुरुषांचं. बायका इतकी वर्षं रस्ता ओलांडून दातांच्या दवाखान्यात जात. तक्रार केली की साहेब म्हणत, "समोर आहे ना सोय? जरा पाय मोकळे होतात!"

आता बाईंनी पदर खोचला. जिन्याखालची अडगळ उपसली, नळ ओढून घेतला, भांडं बसवलं. राहिलं फक्त दार. नवं करण्याआधी माप जुळतं का ते बघायला सुताराने पुरुषांकडचं दार काढलं आणि जिन्याखालच्या चौकटीत बसवलं. "बाई, जसं काही इथलंच आहे!"

एवढ्यात साहेब केबिनमधून जवळजवळ नाचतच आले. "कोर्टाने केंद्राच्या नियमाला स्थगिती दिली! 'जैसे थे' ठेवा म्हणतंय. ए, हातोडा खाली ठेव!"

"साहेब, एक दार तेवढं..." सुतार म्हणाला.

"स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही! जे जिथे आहे ते तिथेच राहील. कोर्टाचा अवमान झाला तर तुरुंगात कोण जाणार, तू?"

बाईंचा चेहरा पडला. मग त्यांची नजर दारावर गेली आणि चेहरा जागेवर आला.

"बरोबर आहे साहेब. कोर्टाचा शब्द कसा मोडायचा?"

जेवणानंतर साहेब स्वच्छतागृहाकडे गेले आणि गेले तसे परत आले. "बाई, दार कुठाय?"

"जिन्याखाली."

"मग आणा की काढून!"

"जे जिथे आहे ते तिथेच, साहेब."

साहेबांनी सुताराकडे पाहिलं. तो हत्यारांची पिशवी बांधत होता. "मला लहान पोरं आहेत साहेब. तुरुंगाचं मला नका सांगू."

"ठीक आहे, मग मी जिन्याखालीच जातो!"

"जा ना खुशाल," बाई म्हणाल्या.

जिन्यापाशी ऑफिसातल्या झाडून सगळ्या बायका उभ्या होत्या. एकीने तर विणकामही आणलं होतं.

"एवढी रांग?"

"किती वर्षांची तुंबलीय, साहेब."

साहेब आता एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. "मग मी करू काय?"

"समोर आहे ना सोय? जरा पाय मोकळे होतील."

दवाखान्यात नेमकी बाकावर ओळखीची माणसं. "काय होतंय?" असं काउंटरवरच्या बाईने विचारलं, तेव्हा खरं सांगायची साहेबांना लाज वाटली. "दाढ," ते म्हणाले. दातांच्या डॉक्टरला तेवढं पुरे झालं. साहेबांचं काम शेवटी झालं, पण त्याआधी दाढ गेली.

गाल फुगवून, तोंडात कापसाचा बोळा धरून साहेब परतले, तर वरिष्ठ कार्यालयाचा फोन वाजत होता. केंद्र सरकार स्थगिती उठवून घ्यायला पुन्हा कोर्टात चाललं होतं आणि तिथे प्रत्येक कार्यालयाचं मत मांडायचं होतं. नियम हवा की नको? आत्ताच्या आत्ता सांगा.

"ह्वं... ह्वं..." साहेब म्हणाले.

"कुत्रं कोणी पाळलंय तिथे?" पलीकडून विचारणा झाली.

बाईंनी फोन हातात घेतला. "साहेबांची दाढ काढलीय. ते खुणेने सांगतील, मी बोलते." आणि त्यांनी साहेबांकडे रोखून पाहिलं. एवढी वर्षं झगडून शेवटी सगळं या एका मानेवर येऊन थांबलं होतं.

साहेबांनी बिनदाराच्या चौकटीकडे पाहिलं. आत कॅशियर होता आणि दुसरं कोणी येऊ नये म्हणून मोठमोठ्याने गात बसला होता. साहेबांनी डोळे मिटले आणि मान खाली-वर केली.

"नियम हवाच," बाई म्हणाल्या. "माणसाला आडोसा लागतो, हे साहेबांना आज अगदी मुळापासून पटलंय."

साहेबांनी घाईघाईने दोन बोटं वर केली.

"आणि दारं दोन हवीत म्हणतायत."