रज्जाकमियाँचा परद्यातला पारा

हे लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. कोणी रज्जाकमियाँचं नाव काढलं की मी चष्मा पुसायला घ्यायचो. आता नाव काढणारेही उरले नाहीत, म्हणून लिहितो.

निजामाच्या अमलात औरंगाबादच्या सराफ्यात माझं सोनारकामाचं दुकान होतं. रज्जाकमियाँ आमचे झारेकरी. दुकानात झाडलेला कचरा न्यायचा आणि त्यातलं सोनं काढून आणून द्यायचं, हा त्यांचा धंदा. पायरी चढले की सलामाच्या आधी म्हणायचे, "हात दिखाओ." आपण दोन्ही हात बोटं पसरून पुढं धरायचे. मियाँ डोळे बारीक करून बघणार, "ठीक है" म्हणणार, मगच बसणार. एकदा अंगठी करून घ्यायला आलेल्या फौजदारांनाही त्यांनी हात पसरायला लावले. फौजदार इतके गोरेमोरे झाले, की आम्हाला त्यांच्याबद्दल नको ते कळलं.

आम्हाला वाटायचं, हा आमच्या नखांत सोनं शोधतो. मग ह्याची पेटी कोणी बघायची?

पेटी होती, लोखंडी, कायम कुलूपबंद. दुसरे झारेकरी कचऱ्यात भरपूर पारा ओतायचे. पारा सोनं धरतो. मग उघड्यावर तापवून तो उडवला की दोन दिवसांत काम संपलं. मियाँ आठ दिवस लावायचे, तेही दार लावून. विचारलं तर म्हणायचे, "मिट्टी जिद्दी है. पारा ज्यादा डाले तो मानती नै. समझाना पडता."

लाख आणि काजळी सोन्यावर बसली की तिथं पारा लागत नाही. म्हणून ते कचरा आधी भाजायचे, कुटायचे, लोहचुंबकानं लोखंड वेचायचे, पाण्यात हलवत बसायचे. शेवटी उरलेल्या मूठभराला चमचाभर पारा, तोही झाकल्या भांड्यात. भांड्याची नळी पाण्यात सोडलेली, म्हणजे वाफ थंड होऊन पारा परत हाती. "पारा परदे में रहना," ते म्हणायचे. हे सगळं त्यांनीच सांगितलेलं. पाहिलं कोणीच नव्हतं.

"दार लावून आठ दिवस माती समजावतो का कोणी?" हे सराफ्यात पहिल्यांदा मी बोललो. दोन दिवसांत सगळे तेच बोलायला लागले.

खात्री करायला मी एक गुंज सोनं कानशीनं घासून गुपचूप कचऱ्यात मिसळलं. नवव्या दिवशी मियाँनी सोन्याचा मणी समोर ठेवला. "इस बार मिट्टी में बरकत थी, सोनारभाई." वजन केलं. नेहमीपेक्षा बरोबर गुंजभर जास्त; माझी गुंज पुरती परत आली होती.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. पण मग चोरून परीक्षा घेतली, हेही सांगावं लागलं असतं. गप्प बसलो. आठवडाभरात पंचांनी पेटी उघडायला लावली. आत मलमलीत गुंडाळलेली पाऱ्याची बाटली, दुसरं काही नाही. "सोनं हलवलं असेल," कोणीतरी म्हणालं. मी तेव्हाही गप्पच. मियाँचा कचरा बंद झाला. जाताना ते दुकानोदुकानी सगळ्यांचे हात बघून गेले, आणि पेटी घेऊन लासूर स्टेशनला मेहुण्याकडे राहायला लागले.

नवा झारेकरी चलाख होता. माझ्याच मागच्या अंगणात उघड्या तव्यावर पारा उडवायचा. काही वर्षांनी माझ्या चिमट्यातून खडे निसटायला लागले. हकीम म्हणाले, पाऱ्याच्या वाफेनं हात कापायला लागतात. तेव्हा मला कळलं, मियाँ आमच्या हातांत काय बघत होते.

मी लासूरला गेलो. गाडीत सगळी वाट एकच वाक्य घोकत होतो. मियाँ दारातच भेटले.

"हात दिखाओ."

मी पसरले. या वेळी ते "ठीक है" म्हणाले नाहीत. माझे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत धरले, आणि आत वळून सांगितलं, "चाय का कप आधाच भरना." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "अब्बा भी येइच काम करते थे. उनको भी आधाच देते थे हम. छलका तो शरमाते थे."

तो अर्धा कप मी न सांडता प्यालो, आणि पुढच्या गाडीनं परत आलो. घोकलेलं वाक्य तसंच राहिलं. ते असं होतं: मियाँ, तुम्ही चोर नव्हता, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं.