चहा नको म्हणणारा गवा

एका जंगलात, बाळांनो, पाण्याला कोणी पेय समजत नसे.

पाणी होतं. बारमाही वाहणारी नदी होती, तिला मिळणारे झरे होते. पण नदी असायची ती पोहायला, भांडायला आणि समोरच्या काठावर कोणाचं काय चाललंय ते बघायला. घरी आलेल्याला पाणी देत, पण ते चहा उकळेपर्यंत त्याचा वेळ जावा म्हणून. अमक्याने पाहुण्याला नुसत्या पाण्यावर पाठवलं, असं एकदा बोललं गेलं की त्या घराला बरेच दिवस तोंड वर काढता येत नसे.

आणि चहा गोड असे. इतका गोड, की दोन घोटांनंतर ओठ एकमेकांना चिकटत. जंगलाच्या कडेला ऊस होता आणि रानडुकरांचा कारखाना होता, त्यामुळे साखरेला तोटा नव्हता. आता जंगलात कपबशा कुठून आल्या, असं विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर मांडी घालून गप्प बसा.

या जंगलात एक गवा होता. सगळे त्याला केरूनाना म्हणत, म्हणून आपणही त्यांना अहो-जाहोच करू. नाना अंगाने भरभक्कम, चालायला संथ आणि बोलायला गोड. त्यांचं काम लग्नं जमवण्याचं. सांबरांच्या मुलीला स्थळ हवं, चितळांचा मुलगा राहून गेलाय, की नानांना निरोप जाई. नाना मुलीकडे जात, चहा घेत. मग मुलाकडे जात, चहा घेत. वाटेत कोणी हाक मारली तर तिथेही घेत. नाना ज्या घरी चहा प्याले त्या घरात काही खोट नाही, असा जंगलाचा विश्वास होता.

नानांचा मात्र स्वतःबद्दल एक वेगळाच अभिमान होता. ते गोड खात नसत. लग्नातला लाडू ते शेजाऱ्याच्या पानात सरकवत. मोहाच्या फुलांकडे ढुंकूनही बघत नसत. मला गोडाचं वावडं आहे, असं ते चारचौघांत सांगत, आणि सांगून घसा कोरडा पडला की चहा मागत.

एका वर्षी नानांना फार तहान लागू लागली. सरूनानींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, उन्हाळ्याला दोष दिला. तहानेवर त्यांनी कोकम सरबत केलं. सरबताने भागेना, म्हणून उसाचा रस आणवला. रसानेही भागेना. तशात खुराला कसलीशी काडी लागली होती, ती जखम भरेना. नाना लंगडत मुली दाखवायला जाऊ लागले. तेव्हा सरूनानींनी हट्टाने त्यांना ठोके वैद्यांकडे नेलं.

ठोके वैद्य म्हणजे सुतारपक्षी. ते रोग्याच्या पाठीवर बसून चोचीने ठोकून बघत. नानांना त्यांनी शिंगापासून शेपटापर्यंत ठोकलं आणि नमुना मुंग्यांकडे पाठवला. तपासणीचं काम मुंग्यांकडे असे. एरवी मुंग्या येत, वास घेत आणि आपल्या वाटेने निघून जात. नानांच्या नमुन्यापाशी आल्या त्या तिथेच राहिल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी नातेवाइकांनाही बोलावून घेतलं.

वैद्यांना अहवाल वाचायची गरज पडली नाही. शुगर आहे, ते म्हणाले.

नानांना हे पटेना. त्यांनी लाडवाचा इतिहास सांगितला. मोहाच्या फुलांचा सांगितला. वैद्यांनी विचारलं, पिता काय? नाना म्हणाले, काहीच नाही, आपला चहा सोडून. दिवसाकाठी किती? नानांना सांगता येईना. चहा मोजायचा असतो हेच त्यांना माहीत नव्हतं. मग सरूनानींनी सरबताचं आणि रसाचंही सांगून टाकलं, आणि वैद्य बराच वेळ नुसते फांदीला ठोकत राहिले.

“नाना, खाल्लेलं पोटाला कळतं,” ते शेवटी म्हणाले. “प्यालेलं कळत नाही. तुम्ही दिवसभर साखर पीत होता आणि पोट म्हणत होतं, अजून काही आलंच नाही.”

सगळा दोष चहाचा नाही, हेही त्यांनी सांगितलं. नानांच्या वडिलांनाही शुगर होती. नानांचा देह मोठा, आणि बसून बोलण्याचं काम जास्त. पण जे आपल्या हातात होतं तेही नानांनी चमच्याचमच्याने घालवलं होतं. आता पाणी प्या, असं वैद्य म्हणाले. चहा हवाच तर बिनसाखरेचा. ताक चालेल, साखर न घालता. गुळाचा चहा चालेल का, असं सरूनानींनी विचारलं. वैद्यांनी नकारार्थी मान हलवली. मधाचा? नाही. मग ताज्या फळांचा रस, तो तर झाडावरून येतो? फळ चावून खाऊ द्या, पिऊ देऊ नका, वैद्य म्हणाले. सरूनानींना वाटलं, या वैद्याला काही दया-माया नाही.

 घरी येताना नानांना आजाराची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. स्थळ बघायला गेले की ते स्वतःच हळूच विचारत, घरात कोणाला शुगर वगैरे नाही ना? हा प्रश्न जंगलात त्यांनीच सुरू केला होता. या प्रश्नावर काही चांगली स्थळं त्यांनी परत पाठवली होती. आता आपल्यालाच आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांनी सरूनानींना बजावलं की याचा कुठे उच्चार करायचा नाही.

तेव्हा त्यांच्या हातात केतकीचं लग्न होतं. केतकी भिवाअण्णा भेकरांची एकुलती एक मुलगी. हुशार, चपळ, आणि नानांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. पलीकडच्या डोंगरावर दौलतराव भेकरांचा मुलगा विश्राम होता. नदीवर दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि ते त्यांना आवडलंही होतं. पण जंगलात असं उघड बोलायची पद्धत नव्हती. त्यामुळे ते नानांनी शोधून काढलेलं स्थळ ठरलं.

नाना भिवाअण्णांकडे गेले. केतकीच्या आईने, यमुनावहिनींनी, चहा पुढे ठेवला. नाना म्हणाले, आज नको. वहिनी हसल्या, कारण त्या जंगलात पहिला नको धरत नसत. नाना पुन्हा नको म्हणाले. दुसराही धरत नसत. तिसऱ्यांदा नाना म्हणाले, “वहिनी, खरंच नको. नुसतं पाणी द्या.”

वहिनींचा हात थांबला. त्यांनी पाणी दिलं, नाना ते मन लावून प्याले, त्यांनी विश्रामची भरपूर स्तुती केली आणि ते निघून गेले. पण स्तुती कोणाच्या कानात शिरलीच नाही. नानांनी आपल्या घरचा चहा का नाकारला, याचा नवराबायको विचार करत बसले. मुलात काही खोट असणार, वहिनींना वाटलं. नानांना ती सांगवत नाही, म्हणून आपल्या घरचं खाणंपिणं त्यांना नको झालंय. भिवाअण्णांना वाटलं, मुलाकडच्यांनीच नकार कळवलाय.

हे सगळं झाडावर बसलेल्या सातभाईंनी ऐकलं. सातभाई हे पक्षी नेहमी घोळक्याने हिंडतात आणि ऐकलेलं पोटात ठेवत नाहीत. दुपारी बातमी डोंगराच्या पायथ्याशी पोचली तेव्हा ती एवढीच होती, की नाना केतकीच्या घरी पाणी प्याले. माथ्यावर दौलतरावांकडे पोचली तेव्हा असं ठरलं होतं, की त्या घरातला चहा नानांसारख्यालाही घ्यावासा वाटत नाही, मग बाकी काय असेल ते तुम्हीच समजा.

दौलतरावांनी निरोप पाठवला की यंदा मुलाचं करायचा विचार नाही.

केतकीने तीन दिवस चारा तोंडात घेतला नाही. चौथ्या दिवशी ती नदीवर नानांची वाट अडवून उभी राहिली. ती रडली नाही. आमच्याकडे काय खोट आहे तेवढं सांगा, एवढंच तिने विचारलं.  आपण एक कप चहा टाळला आणि या पोरीचं लग्न मोडलं, हे नानांच्या लक्षात आलं, आणि खुरापेक्षा ते जास्त दुखलं. मी बघतो, असं म्हणून ते लंगडत थेट डोंगर चढले.

दौलतरावांकडे त्यांनी फार गोड बोलून घेतलं. गैरसमज झालाय, मुलगी सोन्यासारखी आहे, एकदा घरी येऊन तर बघा. दौलतरावांची बायको भागीरथीबाई विचारपूर्वक म्हणाल्या की तुम्ही आमच्यासमोर त्यांच्या घरचा चहा घ्याल, तर आमची शंका फिटेल. नाना हो म्हणाले. एका कपाने काय होतंय, असं त्यांनी उतारावर स्वतःला समजावलं. अर्ध्या उतारावर खूर ठणकला आणि समजावलेलं सगळं निघून गेलं.

ठरल्या दिवशी दोन्ही घरं समोरासमोर बसली. विश्राम खाली बघत होता. सातभाई वरच्या फांदीवर जागा धरून होते. केतकी ट्रे घेऊन आली. तिने पहिला कप नानांपुढे ठेवला आणि बोलणी थांबली. सगळे नानांच्या तोंडाकडे बघू लागले.

कपातून वाफ येत होती. वेलदोड्याचा वास येत होता. नानांनी कप उचलला. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, हे कबूल करायला हवं. त्यांनी केतकीकडे पाहिलं, भिवाअण्णांच्या कपाळावरचा घाम पाहिला, आणि कप ओठांपाशी नेऊन पुन्हा खाली ठेवला. आज प्यालो तर उद्या प्यावा लागेल, आणि प्रत्येक घरी प्यावा लागेल, हे त्यांना दिसलं.

“मला शुगर आहे,” नाना म्हणाले. “खोट या घरात नाही. दौलतरावांच्याही घरात नाही. माझ्यात आहे. मी लपवलं.”

 नानांनी मान खाली घातली. आपलं काम संपलं, आता कोणी निरोप पाठवणार नाही, असं त्यांना वाटलं.

मग दौलतरावांनी घसा खाकरला.

“अहो, मग आधी सांगायचं की,” ते म्हणाले. “मलाही आहे. मागच्या होळीपासून.”

भागीरथीबाईंनी नवऱ्याकडे रागाने पाहिलं. सांगायचं नाही असं आपलं ठरलं होतं, त्या म्हणाल्या. आणि मग, आता सांगितलंच आहे तर, मलाही आहे, असंही म्हणाल्या. भिवाअण्णा उठून उभे राहिले. त्यांनाही होती. नाना घरात कोणाला शुगर नाही ना असं विचारायचे तेव्हा ते मुद्दाम दोन चमचे जास्त घालून नानांसमोर पीत. सगळे सगळ्यांकडे तोंड भरून गोड चहा पीत होते, आणि घरी गेल्यावर कडू काढे घेत होते.

त्यानंतर जे बोलणं सुरू झालं ते थांबेना. कोणाची उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, कोणाचे पाय जळजळतात, ठोके वैद्य किती जोरात ठोकतात. दोन्ही घरांत इतका जिव्हाळा कुंडल्या जुळूनही झाला नसता. यमुनावहिनींनी सगळे कप परत नेले आणि नवा चहा आणला, बिनसाखरेचा. त्याच बैठकीत लग्न ठरलं.

केतकी आनंदात होती. तिने आपल्यासाठीही बिनसाखरेचाच कप उचलला.

भागीरथीबाई दचकल्या. तुलाही आहे की काय, त्यांनी विचारलं. क्षणभर लग्न पुन्हा डळमळलं.

“नाही,” केतकी म्हणाली. “मला काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून घेत नाही.”

यावर सगळे हसले. प्रेमाने हसले. काही झालं नाही तर मग कशाला सोडायचं, दौलतराव म्हणाले. या वयात नाही प्यायचा तर कधी, भिवाअण्णा म्हणाले. शुभकार्य ठरलंय, नवरीने बिनसाखरेचा चहा प्यायचा म्हणजे अपशकुन, यमुनावहिनींनी समजूत घातली. विश्राम एकटा काहीतरी बोलायला गेला, पण त्याचं काय मत आहे हे त्या दिवशी कोणी विचारतच नव्हतं. भागीरथीबाईंनी स्वतःच्या हाताने केतकीच्या कपात साखर घातली, आणि सून गोड निघावी म्हणून वर आणखी एक चमचा.

केतकीने नानांकडे पाहिलं.

नानांचा शब्द त्या बैठकीत वजनदार होता. तो त्यांनी तोंडापर्यंत आणलाही. पण लग्न नुकतंच ठरलं होतं, मोठ्या मुश्किलीने ठरलं होतं, आणि ठरलेलं लग्न हलवायचं नाही हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. ते तिच्याकडे सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, “पी, पोरी. थोडी वर्षं कळ काढ. एकदा तुलाही झाली, की कोणी आग्रह करणार नाही.”

केतकी चहा प्याली. पुढे तिचं लग्न थाटात झालं. नव्या नवरीला जंगलातल्या प्रत्येक घरी चहाला बोलावायची रीत होती, आणि जंगल मोठं होतं.

तात्पर्य: मुलांनो, गोड पेयं मधुमेहाला बोलावतात, म्हणून ती टाळावीत. पण टाळण्याचा अधिकार आधी मिळवावा लागतो, आणि तो मधुमेह झाल्यावरच मिळतो. तोवर घरी आलेल्या पाहुण्यांसमोर असली गोष्ट सांगू नका. सरबत घ्या आणि गोड बोला.