कासवीने विमान घेतलं त्याची गोष्ट

एका जंगलात, अगदी डोंगराच्या पायथ्याशी, ठकूताई नावाची कासवी राहत होती. ओल्या जागेवर बसू नका, सरकून बसा, मग पुढचं सांगते.

ठकूताईला एकच मूल. त्याचं नाव डब्या. आता कासवीचं कसं असतं, ती पिलाला दूध पाजत नाही की घास भरवत नाही. नुसती बघते. आईने डोळे भरून बघितलं की पिलाचं पोट भरतं. असं मोठी माणसं म्हणतात. मोठी माणसं म्हणतात म्हणजे असेलच.

एकदा डब्याची मावशी आली आणि त्याला पाठीवर बसवून डोंगरापलीकडे घेऊन गेली. चार दिवस राहायला म्हणून. जायलाच महिना लागला.

मग कावळा निरोप घेऊन आला. डब्या बरा आहे म्हणाला. मावशी रोज त्याच्याकडे बघते, पण मावशीच्या बघण्याने पोट अर्धंच भरतं.

ठकूताईने लगेच डोंगराकडे टक लावली. दिवसभर लावली. मान दुखली, पण नजर काही डोंगर ओलांडेना.

शेजारची घोरपड म्हणाली, की आत्ता निघ, महिन्याभरात पोचशील.

"महिनाभर माझं लेकरू अर्धपोटी ठेवू?" ठकूताई म्हणाली. "तुला पोरंबाळं आहेत ना गं?"

घोरपडीला सतरा होती.

त्या जंगलात तेव्हा घरी जोडायची विमानं मिळायला लागली होती. ठकूताईने तसलं एक मागवलं. मोठं खोकं आलं. पळस फुलला होता तेव्हा. वानर मिस्त्रीने आठ दिवसांत सांगाडा उभा केला, खुर्ची बसवली, इंजिन बसवलं आणि शेपटीने घाम पुसला.

"आता तीनच गोष्टी सांगा," तो म्हणाला. "पंख लांब की आखूड? टायर जाड की बारीक? आणि नाकावरचा पंखा चढणीचा की पळणीचा? संध्याकाळपर्यंत बसवतो. उद्या सकाळी डब्याकडे चहाला."

ठकूताई म्हणाली, उद्या सांगते.

तिने पंखांचं बगळेबुवांना विचारलं, कारण त्यांना स्वतःचे होते. ते म्हणाले, लांबच घ्यावेत, संथ तरंगता येतं, घराण्याला शोभतं. ठकूताईला पटलं. तेवढ्यात भिंगरी पक्षीण आली. ती म्हणाली, आखूडच बरे, सुळकन जाता येतं, लांब पंख म्हणजे म्हाताऱ्यांचं काम. तेही पटलं.

मग ठकूताईला काळजी लागली. लांब घेतले आणि सागात अडकले तर? आखूड घेतले आणि वर गेल्यावर पुरलेच नाहीत तर? घोरपडीने एवढंच सुचवलं, की बगळेबुवांना पंख आहेतच, तर तेच जाऊन डब्याला घेऊन येतील. बगळेबुवा म्हणाले, मी सल्ला देतो, ओझं नेत नाही.

पंखांचं ठरेना, म्हणून तिने टायर बघायला घेतले. तोवर जांभळं पिकली होती.

हत्ती म्हणाला, जाड घ्या. पलीकडे माळ आहे, दगडधोंडे आहेत, जाड टायर असला की उतरताना हाडं शाबूत राहतात. हरीण म्हणालं, बारीक घ्या. पाय बारीक असले की वजन कमी, आणि दिसतंही बरं. काटेरी साळू म्हणाली, तुम्ही नुसत्या गप्पा मारता, मी दाबूनच बघते. ती एका जाड टायरवर बसली. मग बारीक टायरवर बसली. मग वानर मिस्त्रीने दोन्ही प्रकारचे नवे टायर मागवले आणि साळूला लांब बसवलं.

ठकूताईला आता रात्री दोन-दोन वेळा जाग यायची. डब्या काय खात असेल? जाड टायर वर गेल्यावर जड झाला तर? बारीक टायर खाली आल्यावर रुतला तर?

कावळा पुन्हा निरोप घेऊन आला. डब्या विचारतोय, आई कधी येणार.

"निघालेच म्हणून सांग," ठकूताई म्हणाली. "फक्त तीन गोष्टी राहिल्यात."

आता पंख्याचं बघू म्हणाली. गवत गुडघ्याला लागलं होतं. कासवाच्या नाही, हत्तीच्या.

मिस्त्रीने समजावलं, की डोंगर ओलांडायचाय तर चढणीचा पंखा घ्या, विमान भराभर वर जातं. ठकूताई म्हणाली, आणि वर गेलं ते खाली आलंच नाही तर? मग पळणीचा घ्या, तो म्हणाला, सपाटून पुढे जातं. आणि पुढे जाऊन मावशीचं घर मागे राहिलं तर? मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि एक केळं खाल्लं. मग आणखी एक खाल्लं.

सुतारपक्षी म्हणाला, लाकडी पंखा असेल तर मी तपासून देतो. त्याने मन लावून तपासला. तपासल्यावर पंखा थोडा उरला आणि भोकं पुष्कळ उरली.

तेरडा फुलून गेला. थंडी पडली. विमानावर कोळ्याने जाळं केलं. ठकूताई रोज सकाळी ते पुसायची. एका बाजूला लांब पंखांची जोडी टेकवून ठेवायची, दुसऱ्या बाजूला आखूड पंखांची, आणि मधे उभी राहायची.

अशीच एके दिवशी उभी असताना मागून कुणी पाठीवर टकटक केली.

"आई."

"थांब जरा, महत्त्वाचं चाललंय," ठकूताई मागे न बघता म्हणाली. "तूच सांग बाबा, लांब की आखूड?"

"लांब."

"अन् सागात अडकले तर?"

"मग आखूड."

"अन् पुरले नाहीत तर?" असं म्हणत ती वळली.

मागे एक कासव उभं होतं. जवळजवळ तिच्याएवढं, पायाला डोंगराची माती, पाठीवर वाळलेलं गवत. ठकूताईने बघितलं. बघतच राहिली. इतकं बघितलं, की डब्याला मोठा ढेकर आला.

मग ती रडली. घोरपडही रडली. साळूला सगळ्यांनी लांबूनच रडायला सांगितलं.

"कसा आलास रे?" ठकूताईने विचारलं.

"चालत."

"किती दिवस लागले?"

"महिना. वाटेत कुणाला काही विचारलंच नाही, म्हणून लवकर आलो."

बगळेबुवा एका पायावर उभे होते, ते दुसऱ्या पायावर उभे राहिले. वानर मिस्त्री डोकं खाजवू लागला.

ठकूताईने डोळे पुसले. तिने डब्याकडे बघितलं, विमानाकडे बघितलं, आणि तिला एकदम राग आला.

"दारात एवढं विमान असताना महिनाभर चालत आलास?" ती म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

तात्पर्य: विमान घ्यायचं तर अजिबात घाई करू नये. एकेक वस्तू इतकी पारखून घ्यावी, की तोवर मूल आपल्या पायांनी घरी पोचावं. काळजीने घेतलेलं विमान कधीच पडत नाही; ठकूताईचं आजवर एकदाही पडलेलं नाही.