तिसरी काच

मुरबाडच्या बाजारात राघोबाचं फोटोचं दुकान होतं, आणि त्या दुकानाबाहेर त्यानं वीस वर्षांत एकही फोटो काढला नव्हता. आत निळा राजवाडा रंगवलेला पडदा, त्यापुढे कोरीव खुर्ची आणि छपरातल्या काचेतून पडणारा शांत उजेड. गिऱ्हाईक बसलं की राघोबा त्याची हनुवटी दोन बोटांनी सरळ करी, "श्वास धरा" म्हणे आणि तीन अंक मोजून कॅमेऱ्याला नळीनं जोडलेला रबरी फुगा दाबून फोटो काढी. त्याच्या फोटोत धडधाकट माणसंही पुतळ्यासारखी दिसत. त्याला याचा भारी अभिमान होता.

अडतीस सालच्या दिवाळीनंतर सिद्धगडाच्या पायथ्याचा कमळू दुकानात आला. घरात तो आणि आई धोंडीबाई, दोघंच. मुंबईच्या गिरणीत त्याला काम लागलं होतं. सोमवारी निघायचं होतं.

"राघोदादा, आयेचा फोटो काडून द्या. संगं न्यायचाय."

"मग घेऊन ये की तिला."

"ती नाय यायची. भात खळ्यावर पडलाय ना! तुमीच चला."

उघड्यावर फोटो काढायचा या विचारानंच राघोबाला घाम फुटला. पण कमळूचा चेहरा बघून तोंडातून "बरं" निघून गेलं.

रविवारी कॅमेरा, खुर्ची, पडदा आणि तीन काचा बैलगाडीत घालून तो निघाला. फोटो तेव्हा काचेवर उमटे. तीन काचा म्हणजे तीनच फोटो.

खळ्यात पडद्याचं एक टोक कमळूनं धरलं, दुसरं शेजारच्या गोजरनं. धोंडीबाई खुर्चीच्या कडेवर टेकली.

"मावशी, श्वास धरा."

"कशाला? मी काय डोहात बुडी मारतेय?"

"आये, धर की गो!"

तिनं गाल फुगवले. राघोबानं मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात गडावरून वारा सुटला, राजवाडा पोटुशा म्हशीसारखा फुगला आणि 'तीन'ला गोजरनं, आपणही फोटोत यावं म्हणून, पडद्यावरून मुंडकं वर काढलं. पहिली काच गेली.

पडदा गुंडाळला. मागे नुसती पेंढ्याची उडवी राहिली. दुसऱ्या खेपेला 'दोन'पर्यंत सगळं ठीक होतं. मग कोंबड्या भातावर चढल्या.

"हाऽड! हाऽड मेल्यांनो!" धोंडीबाई काठी घेऊन धावली. फुगा दाबून झाला होता. दुसऱ्या काचेवर कोरीव खुर्चीचा फोटो आला, एकटीचा.

ऊन कलत चाललं होतं. राघोबानं शेवटची काच चढवली, सगळं तयार केलं आणि कळवळून म्हणाला, "मावशी, पुतळ्यासारखं बसायचं हो!"

"पुतळा कसा बसतो, मला काय ठावं? तू बस आदी. दाव."

राघोबा जाऊन बसला. वीस वर्षांत त्या खुर्चीत तो पहिल्यांदाच बसत होता. हात कुठे ठेवावेत कळेना. हनुवटी वर करावी की खाली? समोरचं ते काळं भिंग आपल्याला आरपार बघतंय, असं त्याला वाटलं. एवढी माणसं आपण इथे बसवली, त्यांना हे असं होत होतं?

"श्वास धर," धोंडीबाई कॅमेऱ्याजवळून म्हणाली. तिच्या हातात रबरी फुगा होता. "येक... दोन..."

"मावशी, तो फुगा..."

"गप! हलू नको! तीन!"

परतताना राघोबानं बैलांच्या शिंगांवरून नजर काढली नाही. "ऱ्हाऊ द्या दादा," एवढंच कमळू निघताना म्हणाला होता, आणि तेच जास्त लागलं.

तरी त्यानं रात्री ती काच रसायनात धुतली आणि फोटो छापला. सोमवारी कमळू वळकटी घेऊन दुकानापाशी आला, तेव्हा राघोबानं मान खाली घालून फोटो पुढे केला. फोटोत तो स्वतः होता: तोंड अर्धवट उघडं, एक हात वर, डोळे वटारलेले. पण सारवलेल्या खळ्यावर, कॅमेऱ्याकडून थेट त्याच्या पायांपर्यंत, कलत्या उन्हानं एक लांबलचक सावली टाकली होती. कासोटा, कमरेवर एक हात, दुसऱ्यात उगारलेला फुगा, ताठ मान. सगळी धोंडीबाई.

कमळूनं त्या सावलीवरून हलकेच बोट फिरवलं. राघोबा खाकरला. "वरचा मी कापून टाकतो. सावली तेवढी ने."

"नको," कमळूनं फोटो घाईघाईनं छातीशी धरला. "तुमी ऱ्हावा दादा. आये कुनाला दटावते, ते कसं कळंल मग?"